मोडलं कुणी, बांधतंय कोण?

अमेरिकेत शरद ऋतूची चाहूल लागली, कॉलेजांच्या हॉकीचा मोसम सुरू झाला, की एक शब्द सगळ्यांच्या तोंडी येतो : पुनर्बांधणी. संघ नवा आहे, मुली लहान आहेत, अजून मेळ बसायचा आहे. वेळ द्या, धीर धरा. पिट्सबर्ग शहराजवळच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाच्या मुलींच्या संघाबद्दलही गेल्या काही वर्षांत हेच ऐकू येत आलं आहे. मी या संघाची चाहती आहे. मुलींच्या बाबतीत धीर धरायला माझी मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती या शब्दाला. पुनर्बांधणी म्हटलं की वाटतं, जुनं घर होतं, पावसापाण्यानं पडलं, आता सगळे मिळून उभारताहेत. हा संघ असा पडलेला नाही. तो एका ठरावीक तारखेला, काही ठरावीक माणसांनी खोलीत बसून घेतलेल्या निर्णयानं मोडला गेला. मोडणाऱ्यांचं नाव न घेता बांधणाऱ्यांकडे धीर मागायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. म्हणूनच मैत्रिणींनो, हजारो मैलांवरच्या या खेळाबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटतं.

आधी खेळाविषयी थोडं. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची हॉकी डोळ्यासमोर येते. ही हॉकी बर्फावरची. पायात धारदार पात्याचे बूट, हातात वाकडी काठी, आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वेग इतका की एक मुलगी जेमतेम पाऊण मिनिट पूर्ण ताकदीनं खेळू शकते. मग ती बाकावर येते आणि दुसरी उडी मारून आत जाते; खेळ थांबत नाही. म्हणून संघ फळ्यांमध्ये बांधलेला असतो. तीन-चार फळ्या आलटून पालटून खेळतात. एकटी कितीही गुणी असली तरी तिच्या जोरावर सामना निघत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

संघ कसा मोडला

रॉबर्ट मॉरिस हे काही फार मोठं किंवा श्रीमंत विद्यापीठ नाही. मुलींचा हॉकी संघ तिथं २००५ साली सुरू झाला. २०२१ च्या मार्चमध्ये या संघानं आपल्या विभागाची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवली. ती स्पर्धा त्या वर्षी पेनसिल्व्हेनियातच, ईरी शहरात झाली. तिथं नॉर्थईस्टर्न विद्यापीठाकडून संघ हरला. पण देशातल्या पहिल्या आठ संघांत तो होता. कोविडच्या वर्षात, तपासण्या आणि विलगीकरण सांभाळत या मुली तिथवर पोचल्या होत्या.

२६ मे २०२१ रोजी विद्यापीठानं जाहीर केलं की हॉकीचे दोन्ही संघ, मुलांचा आणि मुलींचा, बंद करण्यात येत आहेत. विभागाचं विजेतेपद मिळवून तीन महिनेही झाले नव्हते. पन्नासहून अधिक खेळाडू एका दिवसात संघाविना झाले. दुसऱ्या कॉलेजांनी आपापले संघ तोवर भरलेले असतात. घर, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, मैत्रिणी सगळं सोडून जिथं मिळेल तिथं जागा शोधायची, नाहीतर खेळ सोडायचा, एवढेच पर्याय उरले.

माजी खेळाडू, पालक आणि गावातले हॉकीप्रेमी गप्प बसले नाहीत. त्यांनी पैसे जमवायला सुरुवात केली आणि विद्यापीठावर दबाव आणला. २०२१ च्या डिसेंबरात विद्यापीठानं दोन्ही संघ परत सुरू करण्याचं मान्य केलं. प्रत्यक्षात संघ बर्फावर उतरले ते २०२३ च्या मोसमात. म्हणजे मधले पूर्ण दोन मोसम कोरे गेले.

ही झाली घटना. आता खेळ पाहू.

मोसमाच्या सुरुवातीला काय दिसतं

ओहायो नदीतल्या नेव्हिल बेटावर या संघाचं मैदान आहे. सुरुवातीच्या सामन्यांत जे दिसतं ते एका चाहतीच्या नजरेनं सांगते.

पहिली गोष्ट, गोलरक्षक मुलीवर फार भार पडतो. आपल्या गोलसमोरची जागा आपल्या बचावपटूंनी धरून ठेवायची असते. इथं चकती कोपऱ्यात गेली की दोघी-तिघी तिच्यामागे धावतात आणि गोलसमोर प्रतिस्पर्धी एकटी, मोकळी उभी राहते. दुसरी गोष्ट, समोरच्या संघातली एखादी खेळाडू शिक्षा होऊन दोन मिनिटं बाहेर बसते, तेव्हा आपल्याला एका खेळाडूचा फायदा असतो. या वेळी धीटपणे गोलवर मारा करायचा. आमच्या मुली एकमेकींकडे चकती देत राहतात. प्रत्येकीला वाटतं दुसरी मारेल, आणि दोन मिनिटं संपतात. तिसरी गोष्ट, शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात. तिसरी-चौथी फळी पहिल्या फळीइतकी तयार नसेल तर पहिलीवर ताण येतो, आणि तो शेवटी दिसतोच.

चांगलंही पुष्कळ आहे. चकती हातची गेली की पुढे खेळणाऱ्या मुली मान खाली घालून परत बचावाला धावतात. हे शिकवून येत नाही, मनात असावं लागतं. फटका येताना दिसला की त्याच्यापुढे अंग टाकतात. बाकावर परतलेली मुलगी शेजारणीला हातवाऱ्यांनी काहीतरी समजावत असते. कुणी चुकलं तर काठीनं हळूच पायाला टिचकी मारतात, म्हणजे ‘असू दे, पुढचं बघ.’

वरचे सगळे दोष अनुभवाचे आहेत. गुणवत्ता कमी आहे असं मला वाटत नाही. कॉलेजच्या संघात शिकवण्याचं अर्धं काम प्रशिक्षक करतो आणि अर्धं वरच्या वर्गातल्या मुली करतात. कुठं उभं राहायचं, कोणत्या क्षणी बाकावर परतायचं, हरल्यावर बसमध्ये एकमेकींशी कसं वागायचं, हे चौथ्या वर्षाची मुलगी पहिल्या वर्षाच्या मुलीला देते. ती पुढे आपल्या मागचीला देते. कॉलेज चार वर्षांचं. दोन मोसम बंद ठेवले की ही साखळी तुटते. २०२३ साली संघ परत उभा राहिला तेव्हा आदल्या मोसमात या संघातून खेळलेली एकही मुलगी असणं शक्यच नव्हतं; आदला मोसमच नव्हता. पहिल्या मोसमात जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त वाट्याला आलं यात काय नवल? तुटलेली साखळी पुन्हा जोडायची तर पहिल्या वर्षाच्या मुली चौथ्या वर्षाला पोचेपर्यंत थांबावं लागतं. हा वेळ पैशानं विकत मिळत नाही.

हे मला लगेच उमगलं, कारण समाजकार्यात मी तेच पाहिलं आहे. मुंबईत मी ज्या समुपदेशन केंद्रात काम करत होते, ते निधीच्या कारणावरून बंद झालं आणि दीडएक वर्षानं परत उघडलं. खोली तीच, पाटी तीच. पण वस्तीतल्या ज्या चार बायका शेजारणीला हात धरून आमच्याकडे आणायच्या, त्या आता येत नव्हत्या. मधल्या काळात कुणीतरी दाराशी येऊन कुलूप पाहून परत गेली होती, आणि ती गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती. अहवालात आम्ही लिहिलं ‘काम पूर्ववत सुरू’. पूर्ववत काही नव्हतं.

‘जिंकून दाखवा’

आता निर्णयाच्या समर्थनार्थ जी कारणं दिली जातात, ती एकेक तपासू.

बायकांच्या खेळाला कायम एक अट घातली जाते : आधी जिंकून दाखवा, मग मागा. रॉबर्ट मॉरिसच्या मुली जिंकल्या होत्या. तीन महिन्यांत संघ गेला. याहून ठळक उदाहरण नॉर्थ डकोटा विद्यापीठाचं आहे. मोनिक आणि जोसलिन लॅमोरो या जुळ्या बहिणी या विद्यापीठाच्या संघातून खेळल्या. २०१७ च्या मार्चमध्ये विद्यापीठानं काटकसरीच्या नावाखाली मुलींचा हॉकी संघ बंद केला; पोहण्याचे संघही त्याबरोबर गेले. मुलांचा हॉकी संघ राहिला. मुलांसाठी तिथं दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चून बांधलेलं भव्य मैदान आहे. वर्षही उलटलं नाही तोच, २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध बरोबरी साधणारा गोल मोनिकनं केला आणि सुवर्णपदक पक्कं करणारा निर्णायक फटका जोसलिननं मारला. देशानं आनंद साजरा केला. त्यांच्या विद्यापीठातला मुलींचा संघ मात्र आजही परतलेला नाही.

नायगारा विद्यापीठानं २०१२ साली मुलींचा हॉकी संघ बंद केला, मुलांचा ठेवला. म्हणजे जिंकलात तरी जाल, हरलात तरी जाल. ‘जिंकून दाखवा’ ही अट पाळल्यानं जर संरक्षण मिळत नसेल, तर ती अट कशासाठी आहे? माझ्या मते ती आपल्याला कामात गुंतवून ठेवण्यासाठी आहे. आपण जिंकण्याच्या मागे लागतो, आणि ज्या टेबलावर अंदाजपत्रक ठरतं तिकडे आपलं लक्ष जात नाही.

प्रशिक्षक बायकांनाही हेच लागू होतं. मिनेसोटा-डुलुथच्या शॅनन मिलर यांनी आपल्या संघाला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. मुलींची राष्ट्रीय स्पर्धा २००१ साली सुरू झाली आणि पहिली तिन्ही वर्षं त्यांचाच संघ जिंकला. २०१४ च्या डिसेंबरात विद्यापीठानं त्यांचा करार पुढे चालू न ठेवण्याचं ठरवलं. कारण पैशाचं दिलं गेलं. मिलर कोर्टात गेल्या. २०१८ साली ज्यूरीनं लिंगभेद आणि सूडबुद्धी झाल्याचं मान्य केलं आणि ३७ लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. १९७२ साली मुलींच्या कॉलेज संघांना शिकवणाऱ्यांत दहातल्या नऊहून जास्त बायका होत्या. आज निम्म्याही नाहीत. खेळात पैसा आणि मान आला, तसे बाक मुलींनी भरले आणि बाकामागे उभे राहणारे पुरुष झाले.

‘मुलांचाही संघ बंद केला ना?’

हा प्रश्न रास्त वाटतो. रॉबर्ट मॉरिसमध्ये दोन्ही संघांवर एकदमच कुऱ्हाड पडली. मग भेदभाव कुठं आला?

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या कोर्टांनी तीस वर्षांपूर्वीच दिलं आहे. १९९१ साली ब्राऊन विद्यापीठानं चार संघांचा निधी काढून घेतला : दोन मुलींचे, जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल; दोन मुलांचे, गोल्फ आणि वॉटर पोलो. दिसायला अगदी समान. जिम्नॅस्ट एमी कोहेन आणि तिच्या मैत्रिणी कोर्टात गेल्या. विद्यार्थ्यांत मुली निम्म्याच्या आसपास होत्या, पण खेळाडूंत त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांहून कमी होता. ज्याच्या ताटात चार पोळ्या आहेत त्याची एक काढली आणि जिच्या ताटात दोन आहेत तिचीही एक काढली, तर याला समान वाटप म्हणता येईल का? १९९६ साली अपील कोर्टानं मुलींच्या बाजूनं निकाल दिला.

याच ब्राऊनच्या पेंब्रोक कॉलेजात १९६४ साली मुलींनी अमेरिकेतला कॉलेज-मुलींचा पहिला हॉकी संघ उभा केला होता. म्हणजे जिथून सुरुवात झाली, तिथंही मुलींना कोर्टाची पायरी चढावी लागली.

हॉकीतली ताटं पाहू. या देशात वरच्या दर्जाचे मुलांचे साठच्या आसपास संघ आहेत, मुलींचे चाळीसच्या आसपास. संघ बंद पडल्यावर मुलाला पन्नासएक दारं असतील तर मुलीला त्याहून कमी. कॉलेजनंतर तर विचारूच नका. २०२१-२२ साली पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमधल्या सर्वात कमी पगाराच्या एका खेळाडूला साडेसात लाख डॉलर मिळत होते. त्याच वर्षी बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये एका संपूर्ण संघाच्या पगारावर तीन लाख डॉलरची मर्यादा होती, आणि ती आदल्या वर्षीच्या दुप्पट होती! बहुतेकींसाठी कॉलेज हाच खेळण्याचा शेवटचा टप्पा होता. २०२४ च्या जानेवारीत बायकांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, परिस्थिती सुधारते आहे. पण २०२१ साली ज्यांचा संघ गेला, त्यांच्यापुढे ती नव्हती.

राष्ट्रीय स्पर्धेचंही तसंच. २०२१ साली मुलांच्या स्पर्धेत १६ संघ होते आणि मुलींच्या स्पर्धेत ८. त्या वर्षी बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांना भलीमोठी व्यायामशाळा आणि मुलींना मूठभर डंबेल्स दिल्याचं एका खेळाडू मुलीनं चित्रफीत काढून जगाला दाखवलं. ओरड झाली, चौकशी बसली. अहवालात निघालं की २०१८-१९ साली बास्केटबॉल सोडून इतर वरच्या दर्जाच्या राष्ट्रीय स्पर्धांवर प्रत्येक मुलामागे ४,२८५ डॉलर आणि प्रत्येक मुलीमागे २,५८८ डॉलर खर्च झाले होते. या ओरडीनंतर, २०२२ पासून मुलींच्या हॉकी स्पर्धेत ११ संघ घेतले जाऊ लागले. एका मुलीनं फोन उचलून चित्रण केलं नसतं, तर हेही झालं नसतं.

‘पैसा नाही’

शेवटचं आणि सर्वात भारदस्त कारण पैशाचं. पैसा नाही म्हटलं की सगळे गप्प होतात, जणू पाऊस पडला नाही. पैसा नाही, म्हणजे कशासाठी नाही? नॉर्थ डकोटात मुलांच्या हॉकीसाठी होता. अंदाजपत्रक म्हणजे कुणाला आधी आणि कुणाला उरलंसुरलं, याची लेखी यादी. घरात जी बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तिला ही यादी न वाचताही पाठ असते.

रॉबर्ट मॉरिसचे संघ लोकांनी वर्गणी काढून परत आणले. त्या लोकांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण या विजयात एक धोका आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. वर्गणीवर जगणारा संघ दरवर्षी कृतज्ञ असावा लागतो. कृतज्ञ माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. मुलींना खेळायला मिळणं ही जर देणगीदारांची मेहरबानी ठरली, तर १९७२ सालच्या कायद्याचं काय?

या कायद्याला इथं ‘टायटल नाइन’ म्हणतात. त्याचा गाभा इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचा आहे : सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगाच्या कारणावरून कुणालाही वगळता येणार नाही. तो आणण्यासाठी झटणाऱ्यांत पॅट्सी मिंक होत्या. त्यांना स्वतःला बाई म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी दारातूनच परत पाठवलं होतं. कायदा झाला त्या वर्षी शाळांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. दोन वर्षांतच, १९७४ साली, पैसा मिळवून देणारे खेळ या कायद्यातून वगळावेत असा प्रस्ताव आला. तो हाणून पाडावा लागला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा आवाका आवळला. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून संसदेला तो पूर्ववत करावा लागला. म्हणजे कायदा एकदा झाला की काम संपलं, असं एकाही दशकात झालेलं नाही.

आणि आज पुन्हा तीच वेळ आहे. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं एका मोठ्या समझोत्याला मंजुरी दिली. त्यानुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्याखेरीज मागच्या खेळाडूंना भरपाई म्हणून २८० कोटी डॉलर वाटायचे आहेत आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो. खेळाडूंना पैसे मिळावेत हे मला मान्य आहे. वर्षानुवर्षं त्यांच्या श्रमावर इतरांनी कमाई केली. पण हे पैसे ‘टायटल नाइन’च्या कक्षेत येतात की नाही? २०२५ च्या जानेवारीत सरकारी शिक्षण खात्यानं सांगितलं, येतात. फेब्रुवारीत नव्या सरकारच्या त्याच खात्यानं ते मागे घेतलं. आठ खेळाडू मुलींनी भरपाईच्या वाटपाविरुद्ध अपील केलं आहे. फुटबॉलला द्यायला पैसे कमी पडले की उद्या कोणता संघ ‘परवडत नाही’ असं निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्याला याचं काय?

कुणी म्हणेल, बर्फावरची हॉकी हा गोऱ्या, सुखवस्तू घरांतल्या मुलींचा खेळ. साहित्य महाग, सराव महाग. इथं पिट्सबर्गमध्ये मी हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायकांसोबत काम करते. त्यांच्या मुलींपैकी एकीनंही या बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो चाहत्यांनी ऐकला पाहिजे. पण त्यावरून मी उलटा निष्कर्ष काढते. ज्यांच्यामागे शिकलेले पालक आहेत, वकील आहेत, वर्गणी देणारे माजी विद्यार्थी आहेत, त्या मुलींचा संघ जर एका सकाळी एका पत्रकानं बंद होऊ शकतो, तर ज्यांच्यामागे कुणीच नाही त्यांच्या पाळणाघराचं, वसतिगृहाचं, आधारकेंद्राचं काय होत असेल? तिथं तर पत्रकही निघत नाही.

मोडण्याची पद्धत सगळीकडे सारखी आहे. निर्णय आधी होतो, ज्यांच्याविषयी आहे त्यांना नंतर कळवला जातो. वेळ अशी निवडली जाते की विरोध जमायला सवड नसावी. मे महिन्यात सुट्टी लागते आणि मुली पांगतात. कारण पैशाचं असतं आणि हिशेब दाखवला जात नाही. आणि शेवटी, दबावामुळे माघार घ्यावी लागली, की ‘पुनर्बांधणी’ हा गोंडस शब्द येतो आणि सगळं विसरून कामाला लागा असं सुचवलं जातं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. धीर खेळाडूंसाठी राखून ठेवावा. पहिल्या वर्षाची मुलगी चुकली, तर टाळ्या वाजवून तिला पुढचं बघ म्हणावं. संघ हरला तरी पुढच्या शनिवारी परत जाऊन बसावं. विद्यापीठांना मात्र धीर दाखवू नये. प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला त्यांना तेच तेच प्रश्न विचारावेत : या वर्षी मुलींच्या संघाला किती आणि मुलांच्या संघाला किती? कापाकापी करायची ठरली तर कुणाला विचारणार आणि किती आधी सांगणार? त्या खोलीत बायका किती असतील, आणि त्यांतल्या किती स्वतः खेळलेल्या असतील? उत्तरं लेखी मागावीत आणि जपून ठेवावीत. एमी कोहेन आणि शॅनन मिलर जिंकल्या त्या कागदांच्या बळावर.

आणि आपल्या संस्था-संघटनांनीही एकदा या फळ्यांच्या खेळाकडे पाहून स्वतःला विचारावं : आपली तिसरी-चौथी फळी कुठं आहे? वरच्या वर्गातल्या मुली खालच्या वर्गाला जे देतात, ते आपण कुणाला देतो आहोत? उद्या आपल्या दाराला कुणी दोन वर्षं कुलूप घातलं, तर परत उघडल्यावर ते काम कसं करायचं हे माहीत असलेली बाई आपल्यात कोण असेल? निधीचा पुढचा अर्ज भरण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधून ठेवू या.